'मिसरात जाऊ नका' हे वचन माझ्यासाठी आहे का?

पत्र

सलाम ताई,

मी परभणी जिल्ह्यातला, वय 33. तीन एकर कोरडवाहू रान आहे, सोयाबीन आणि तूर घेतो. मागच्या वर्षी वडिलांना अर्धांगवायू झाला, तेव्हापासून ते खाटेवरच आहेत. धाकटा भाऊ चाकणला कंपनीत आहे. तो म्हणतो, रान बटईनं दे आणि इकडं ये, मी कामाला लावून देतो. बायकोचंही मत तेच, लेकरांची शाळा नीट होईल म्हणते. माझं मन होत नाही.

लेंट (ईस्टरआधीचा उपासाचा काळ) सुरू झाल्यापासून मी पहाटे चारला उठून प्रार्थना करतोय, बुधवारी आणि शुक्रवारी उपास धरतोय. जाऊ की राहू, एवढंच विचारतो. देव काहीच बोलत नाही. प्रार्थनासभेत बाकीचे साक्ष देतात की प्रभू माझ्याशी बोलला. बाहेरगावच्या एका प्रचारकांना विचारलं तर ते म्हणाले, तुझ्या जीवनात लपलेलं पाप आहे म्हणून ऐकू येत नाही. मंडळीतल्या एक वयस्कर बहीण म्हणाल्या, "प्रभूनं मला दाखवलं, तिकडं तुझ्यावर संकट आहे, जाऊ नकोस." शेवटी एका रात्री डोळे मिटून बायबल उघडलं आणि बोट ठेवलं. यिर्मया 42:19 निघालं: 'मिसरात जाऊ नका.' अंगावर काटा आला. हे देवाचंच बोलणं समजू का? बायकोला यातलं काही सांगितलेलं नाही. रात्री झोप लागत नाही.

एक भाऊ

उत्तर

सलाम भाऊ,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. बोटाखाली आलेल्या त्या ओळीवरून चाकणला जाऊ नका असा अर्थ काढू नका. जा असाही काढू नका. ती ओळ ज्या गोष्टीत आहे ती गोष्ट मात्र जरूर वाचा, कारण तिच्यात तुमच्यासाठी पुष्कळ आहे.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा बेचाळिसावा अध्याय पहिल्या वचनापासून वाचा, जमलं तर एकेचाळिसाव्याच्या शेवटापासून. यरुशलेम पडलंय. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजानं नेमलेला अधिकारी गदल्या याचा खून झालाय. मागं राहिलेली माणसं भेदरलीत, बाबेलचा राजा आता सूड घेईल म्हणून मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, पळून जायच्या तयारीनं बेथलेहेमाजवळ येऊन थांबलीत. तिथून ती यिर्मयाला म्हणतात, आमच्यासाठी प्रार्थना कर, देव सांगेल ते आम्ही करू, बरं असो की वाईट. यिर्मया प्रार्थना करतो. उत्तर दहा दिवसांनी येतं. संदेष्ट्यालासुद्धा दहा दिवस थांबावं लागलं, हे सातवं वचन पेन्सिलीनं अधोरेखित करून ठेवा. उत्तर येतं की इथंच राहा. त्यावर ती माणसं यिर्मयाला काय म्हणतात? तू खोटं बोलतोस. आणि मिसराला निघून जातात. सोबत यिर्मयालाही घेऊन जातात.

त्यांचं ठरलेलं होतं. विचारण्याआधीच वाट धरलेली होती, देवाकडून फक्त होकार हवा होता. तुमच्या पत्रात 'माझं मन होत नाही' ही चार शब्दांची ओळ आहे. ती खरी आहे आणि तिच्यात पाप नाही. पण रोज पहाटे 'जाऊ की राहू' विचारताना ही ओळ तुम्ही देवासमोर मांडलीत का? 'प्रभू, मला जायचं नाही. मला भीती वाटते. ज्या रानात बापानं जन्म घातला ते दुसऱ्याच्या हाती देताना माझा जीव तुटतो.' हे बोललात का? न बोललेलं मन आपल्या कानाशी उभं राहतं आणि जे ऐकू येईल त्याला आपला रंग लावतं. 'जाऊ नका' वाचून अंगावर काटा आला, त्यात त्या मनाचा वाटा किती, हे प्रामाणिकपणे तपासा.

आता पुढचं बघा. दुष्काळ पडला, आणि परमेश्वर इसहाकाला म्हणाला की मिसरात जाऊ नको, या देशातच राहा (उत्पत्ती 26). इसहाक राहिला, त्यानं पेरलं आणि त्याच वर्षी शंभरपट पीक काढलं. तुमच्यासारख्या शेतकऱ्याला हे वाचून केवढा आनंद होईल! पण वीस अध्याय पुढे जा. पुन्हा दुष्काळ, आणि या वेळी इसहाकाचाच मुलगा, म्हातारा याकोब, बैर-शेबा इथं रात्री ऐकतो: मिसरात जायला भिऊ नको (उत्पत्ती 46). मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात तर योसेफाला रातोरात सांगितलं जातं, बाळ येशूला आणि त्याच्या आईला घे आणि मिसराला पळून जा. देव तोच, देश तोच. एकाला थांबवलं, दुसऱ्याला पाठवलं, तिसऱ्याला पळवलं. तुमचं बोट चार-दोनशे पानं अलीकडे पडलं असतं तर तुम्ही आज चाकणची बॅग भरत असता.

हे तिन्ही भाग मी पुष्कळदा वाचले आहेत आणि दर वेळी एकाच जागी येऊन थांबते. इसहाकाला 'राहा' सांगताना देव म्हणतो, मी तुझ्याबरोबर असेन. याकोबाला 'जा' सांगताना म्हणतो, मी तुझ्याबरोबर मिसरात येईन. यिर्मयाच्या त्या भेदरलेल्या लोकांनाही अकराव्या वचनात हेच सांगितलंय, भिऊ नका, मी तुमच्याबरोबर आहे. जा आणि राहा हे बदलत गेलं, हे मात्र बदललं नाही. भाऊ, तुम्ही म्हणता देव काहीच बोलत नाही. मला वाटतं तो हे बोलतो आहे, आणि तुम्ही दुसऱ्याच शब्दाची वाट बघत असल्यामुळे ते तुमच्यापर्यंत पोचत नाही. आधी हे ऐका. याकोब मिसराला निघाला तेव्हा म्हातारा होता, गाडीत बसवून न्यावा लागला होता. त्या गाडीत तुमच्या वडिलांची खाट मला दिसते.

बहात्तरच्या दुष्काळात आपल्या मराठवाड्यातली किती घरं गाव सोडून मुंबई-पुण्याला गेली, आणि किती जण खडी फोडत गावातच राहिले. दोन्हीकडे देवभिरू माणसं होती. गेलेल्यांनी पाप केलं नाही आणि राहिलेल्यांनीही नाही. रूथचं पुस्तक बघा. बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून एक कुटुंब मवाबात गेलं. जा म्हणून देवाचा शब्द आल्याची नोंद नाही, जाऊ नको म्हणूनही नाही. त्या अख्ख्या पुस्तकात देव एकदाही थेट बोलत नाही. तरी त्या घरातल्या नामीच्या परतीच्या वाटेवर, बवाजाच्या शेतात, सरवा वेचणाऱ्या रूथ या तिच्या परक्या सुनेच्या ओंजळीत त्याचा हात पानोपानी दिसतो. त्याच सुनेच्या वंशात दावीद राजा जन्मला.

त्या वयस्कर बहिणींचं बोलणं. त्या प्रेमानं बोलल्या असतील. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात प्रेषित पौल म्हणतो की संदेशांचा धिक्कार करू नका आणि लगेच म्हणतो की सगळ्याची पारख करा. दोन्ही पाळायचं. पारख कशी करायची याचं उत्तम उदाहरण प्रेषितांची कृत्ये 21 मध्ये आहे. अगब नावाचा संदेष्टा पौलाचा कमरपट्टा घेऊन स्वतःचे हातपाय बांधतो आणि सांगतो, हा ज्याचा पट्टा आहे त्याला यरुशलेमेत असंच बांधतील. संदेश खरा होता, पुढे पौलाला पकडून बांधलंच. पण नीट बघा, अगब 'जाऊ नको' म्हणाला नव्हता. ते आजूबाजूचे सोबती म्हणाले, रडून म्हणाले. पौल तरी गेला, आणि शेवटी तेच सोबती म्हणाले, प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो. तेव्हा बहिणींच्या बोलण्यातही 'संकट आहे' आणि 'जाऊ नकोस' हे दोन भाग वेगळे करा. पहिला खरा असला तरी दुसरा त्यातून आपोआप निघत नाही. नव्या शहरात, कंपनीत, भाड्याच्या खोलीत संकटं असतातच. रानातही आहेतच. त्यांच्या पाया पडा, प्रार्थनेत राहा म्हणा, आणि निर्णय त्यांच्या खांद्यावर टाकू नका.

प्रचारकांच्या बोलण्याचा मला राग आला, तो लपवत नाही. थकलेल्या माणसाच्या डोक्यावर असं ओझं ठेवून दुसऱ्या गावाला निघून जाणं सोपं असतं. मनात पाप धरून ठेवलं तर देव ऐकणार नाही असं स्तोत्र 66 मध्ये आहे, ते मी नाकारत नाही. ठाऊक असलेलं पाप असेल तर नाव घेऊन कबूल करा, क्षमा आहे. पण ठाऊक नसलेलं उकरत बसण्याची आज्ञा शास्त्रात कुठं नाही. संकटात सापडलेल्या ईयोबाच्या मित्रांनी नेमकं हेच केलं होतं, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. स्तोत्र 88 वाचा. तो माणूस रात्रंदिवस ओरडतोय, आणि स्तोत्र अंधारातच संपतं. उत्तर मिळाल्याचा एक शब्द नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे अशीही प्रार्थना देवाला चालते.

एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रात आहे आणि ती मला सांगावीच लागेल. बायकोला सांगितलेलं नाही. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, सातव्या वचनात, नवऱ्यांना स्पष्ट सांगितलंय की बायकोशी समजुतीनं, मान देऊन वागा, ती जीवनाच्या कृपादानाची सहवारस आहे, म्हणजे तुमच्या प्रार्थनांना अडथळा येणार नाही. प्रार्थना अडण्याचं इतकं नेमकं कारण शास्त्रात फार थोड्या ठिकाणी दिलंय. तुम्ही पहाटे चारला एकटे देवाशी बोलता आणि जिच्या लेकरांचा, जिच्या चुलीचा हा प्रश्न आहे ती शेजारी झोपलेली असते. तिलाही देव ऐकवत असेल. तिचं 'जाऊ या' म्हणणं तुम्ही आतापर्यंत अडचण म्हणून धरलंत, ते एकदा देवासमोर तिच्याच तोंडून ऐका. आज रात्री, हे पत्र वाचून झालं की, तिला सगळं सांगा. बोट ठेवल्याचंही सांगा.

आता झोप आणि उपास. एलीया संदेष्टा होरेब डोंगराच्या गुहेत पोचला, वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी आला, परमेश्वर त्यांत नव्हता, आणि मग शांत, मंद वाणी झाली. हे 1 राजे 19 आपल्याला तोंडपाठ असतं. पण त्याच अध्यायाच्या सुरुवातीला तोच एलीया रानात झाडाखाली पडून म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. तेव्हा देवानं त्याला शिकवण दिली नाही, दोष दिला नाही. त्याला झोपू दिलं. दूताकरवी निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं. पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. वाणी त्यानंतर कितीतरी दिवसांनी आली. तुम्ही दिवसभर रानात राबता, वडिलांचं अंथरूण-पांघरूण करता, आठवड्यातून दोन उपास, वर पहाटे चार. उपास थांबवा. पोटभर जेवा. पंधरा दिवस उजाडेपर्यंत झोपा. तरीही झोप येत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना दाखवा, किंवा 14416 या टेलिमानसच्या (मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतीच्या) फोनवर बोला. ते मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे जाण्यानं विश्वास कमी होत नाही.

आणि प्रार्थनेला पहाटच हवी असं कुणी सांगितलं? इसहाक संध्याकाळी ध्यान करायला रानात गेला होता, उत्पत्ती 24 मध्ये आहे. तुम्हीही संध्याकाळी काम आटोपल्यावर रानातल्या आखाड्यावर बसा. मोबाईल घरी ठेवा. व्हॉट्सअपवर सकाळी येणारी वचनं, एकतीस डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये काढतो ती वर्षाची वचनाची चिठ्ठी, यांचा मी अनादर करत नाही. कित्येकांना त्यांतून धीर मिळालाय. पण तुकड्या-तुकड्यानं आलेल्या वचनातून बोलणाऱ्याची ओळख होत नाही. रान मोकळं झालं की धनगर आपल्याकडं मेंढरं बसवायला येतात, तेव्हा तुम्ही बघितलं असेल: पाण्यावर दोन कळप एकमेकांत मिसळतात, आणि निघायच्या वेळी एकानं हाळी दिली की त्याचीच मेंढरं वेगळी होऊन त्याच्यामागे चालू लागतात. माझी मेंढरे माझी वाणी ऐकतात, असं येशू म्हणाला ते हेच. ती ओळख एका हाळीनं झालेली नसते. त्याच्यामागं ती रोज चरलेली असतात.

म्हणून एक स्तोत्र घ्या आणि महिनाभर त्यातच राहा. मी तुम्हाला 25 वं सुचवते, बावीस वचनांचं आहे. वाट विचारणाऱ्या माणसाचंच स्तोत्र आहे ते. 'तुझे मार्ग मला दाखव' असं तो मागतो, आणि मग पुढच्या ओळींत स्वतःच्या तरुणपणाच्या चुका, देवाची दया, मनाचे क्लेश, एकटेपण, शत्रू, सगळं काढतो. मोठ्यानं वाचा, सावकाश. पहिले दोन-तीन दिवस नुसतं वाचा. मग ज्या ओळीपाशी जीभ अडखळेल किंवा डोळे भरतील, तिथं थांबा आणि तीच ओळ स्वतःच्या शब्दांत देवाला परत म्हणा. 'तो दीनांना न्यायाने चालवतो' असं वाचलंत तर विचारा, प्रभू, मी दीन आहे का, की माझंच खरं करायला आलोय? उत्तराची घाई न करता दहा मिनिटं गप्प बसा. मन बियाण्याच्या उधारीकडे, सोयाबीनच्या भावाकडे पळेल. पळू द्या, पण पळालं की तीच गोष्ट प्रार्थना करून टाका. मन भटकलं म्हणून ध्यान मोडलं असं समजू नका, बहुतेक वेळा ते जिथं भटकतं तिथंच देवाला आपल्याशी बोलायचं असतं. उठताना एका वहीत दोन ओळी लिहा, कुठलं वचन आणि मनात काय आलं. तारीख घाला. ही वही महिन्यानं बायकोला वाचून दाखवा.

काय ऐकू येईल? कानाला आवाज यावा अशी आशा धरू नका, आणि आला नाही म्हणून कष्टी होऊ नका. बहुतेकांच्या बाबतीत असं होतं की वाचलेली ओळ खुरपताना, वडिलांची कूस बदलताना आपोआप आठवते आणि या वेळी तिला धार असते. एखाद्या माणसाची क्षमा मागावीशी वाटते. भीतीतली हवा निघून जाते. कधी प्रश्नच बदलतो: 'जाऊ की राहू' असं विचारत बसलेला माणूस एक दिवस विचारतो, 'बापाचा सांभाळ कुठं नीट होईल?' मला अंदाज आहे की तुमचंही इथं येईल. आणि मनात आलेलं देवाचं आहे की आपलं, हे ताडायला येशूचा स्वभाव समोर धरा. आई-बापाला टाकायला सांगणारी, बायकोपासून लपवायला लावणारी, घाई करायला लावणारी, सतत धमकावणारी वाणी त्याची नाही, मग ती बायबलच्या शब्दांत का बोलेना. सैतानानं अरण्यात येशूला स्तोत्र 91 मधलंच वचन ऐकवलं होतं, आणि येशूनं त्याला दुसऱ्या वचनानं उत्तर दिलं. एक वचन दुसऱ्या वचनाशी ताडून बघायला तो आपल्याला तिथं शिकवतो.

हे वाचन क्रमानं व्हावं असं मला फार वाटतं. कवी नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी गोऱ्या गृहस्थानं नवा करार दिला होता. ते मत्तय वाचत डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथून त्यांचं मन हलेना. देवाची वाणी त्यांना वाचनात सापडली, पण 1895 मध्ये बाप्तिस्मा घेईपर्यंत मधे बराच काळ गेला, शंका, वाचन, पत्रव्यवहार असा. आणि जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेल्या बेथेल या वस्तीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ज्या बेथेलावरून ते ठेवलं तिथं याकोब दगड उशाला घेऊन झोपला होता, भावाला फसवून पळालेला, प्रार्थनासुद्धा न करता. देव त्याच्याशी बोलला. न मागता. पहाटे चारला उठणाऱ्या तुमच्याशी तो बोलणार नाही असं तुम्ही मानूच कसं शकता?

एक विनंती. ते स्तोत्र वडिलांनाही ऐकवा. त्यांना वाचता येत नसेल, बोलता येत नसेल, ऐकू तर येतं. पंडिता रमाबाईंनी बायबलचं भाषांतर शेवटच्या श्वासापर्यंत केलं ते साध्या, कमी शिकलेल्या माणसांना कळावं म्हणून. 1922 मध्ये त्या गेल्या आणि 1924 मध्ये ते छापून बाहेर आलं. तुमच्या घरात तो माणूस खाटेवर आहे. रान बटईनं द्यायचं की नाही, हे त्यांनाही विचारा. मान हलवून का होईना, ते सांगतील.

निर्णयाला तारीख ठेवा, नाहीतर वाट बघण्याचीच सवय लागते. पेरणीआधी ठरलंच पाहिजे, कारण बटईदारालाही तयारी करावी लागते. तोवर भावाला फोन करून नीट विचारून घ्या: काम कायमचं की ठेकेदाराकडचं, हातात किती येणार, खोलीचं भाडं किती, तळमजला मिळेल का, वडिलांच्या व्यायामासाठी जवळ दवाखाना आहे का, तुम्ही आणि तुमची बायको दोघं कामावर असताना त्यांच्याजवळ कोण. ही माहिती काढणं म्हणजे अविश्वास नव्हे. मग तुम्ही दोघं, तुमचे पाळकसाहेब आणि मंडळीतली एक-दोन शहाणी माणसं एकत्र बसा, प्रार्थना करा आणि ठरवा. जे ठरेल ते शांत मनानं करा. जायचं ठरलं तर त्या बहिणींना जाण्याआधी भेटून या. राहायचं ठरलं तर भावाला स्वतः फोन करून सांगा, बायकोला सांगायला लावू नका.